भार, रस्ता आणि हवा : वाहनांच्या टायरांविषयी प्रस्तावना

मीरा-भाईंदरची ओळख करून देताना कोणी मिठागरांचा उल्लेख करील, कोणी उत्तनच्या मासेमारीचा, कोणी पोलादी भांड्यांच्या कारखान्यांचा. परंतु मुंबईची हद्द दहिसरला संपवून उत्तरेकडे निघालेला राष्ट्रीय महामार्ग काशिमिऱ्यावरून जेथे वरसाव्याच्या खाडीपुलाकडे सरकतो, आणि ठाण्याहून गायमुखाचा घाट उतरून आलेला घोडबंदर रस्ता जेथे त्यास येऊन मिळतो, त्या टापूत उभे राहून जो कोणी तासभर वाहतूक न्याहाळील, त्यास या शहराचा आणखी एक व्यवसाय ध्यानात आल्यावाचून राहणार नाही. न्हावाशेव्याच्या बंदरातून गुजरातेकडे जाणारे कंटेनर, वापी-सुरतेकडून मुंबईत येणारे कापड, रसायने, भाजीपाला, हे सारे येथूनच जाते; आणि त्या वाटेच्या दोन्ही कडांना एकावर एक रचलेले टायर, हवेचे पंप, जॅक, टॉमी आणि काळ्या हातांचे कारागीर यांची दुकाने पसरलेली आहेत. टायरांच्या नामांकित कारखान्यांपैकी एकही येथे नाही. येथे टायर झिजतात, फुटतात, सांधले जातात आणि अखेर टाकले जातात. आणि माझ्या मते एखाद्या वस्तूचा अभ्यास ती जेथे घडते त्यापेक्षा ती जेथे झिजते तेथून आरंभला, तर तिचे खरे स्वरूप लवकर कळते. सबब या पुस्तकाची प्रस्तावना मी कारखान्याच्या फाटकापासून न लिहिता काशिमिऱ्यापासून लिहीत आहे.

टायराचे काम काय, हा प्रश्न इतका उघड वाटतो की तो विचारण्याचे कोणाच्या मनात येत नाही. हजार किलो वजनाच्या मोटारीच्या प्रत्येक चाकावर अडीचशे किलो भार येतो असे धरले, आणि पेट्रोलपंपावर ज्यास बत्तीस म्हणतात तो हवेचा दाब, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे सव्वादोन किलो, टायरात आहे असे मानले, तर त्या चाकाचा रस्त्याशी प्रत्यक्ष संबंध साधारण ११० चौरस सेंटिमीटरांपुरताच, म्हणजे तळहाताएवढ्या जागेपुरताच राहतो. गाडी वळविणे, थांबविणे, वेग देणे, पावसात घसरू न देणे, या सर्व क्रिया अशा चार तळहातांच्या भरवशावर चालतात. शिवाय भार उचलते ती मुख्यतः कोंडलेली हवा. रबर, धागे आणि तारा यांचे कर्तव्य त्या हवेस आकार देण्याचे, तिला धरून ठेवण्याचे आणि रस्त्याचे घाव सोसण्याचे. हवा कमी झालेला टायर बाहेरून कितीही नवा दिसो, तो टायर म्हणून निम्मा निकामी झालेला असतो, ही गोष्ट वाहनधारकांच्या मनावर ठसेल तर या ग्रंथाचा एक मोठा हेतू साध्य झाला असे मी समजेन.

आपल्या मुलखात चाकाच्या कडेचे रक्षण करण्याची विद्या रबरापेक्षा पुष्कळ जुनी आहे. बैलगाडीच्या लाकडी चाकावर बसविण्यात येणारी लोखंडी धाव हा वस्तुतः आपला पहिला टायर होय. चाकाच्या परिघाहून किंचित कमी मापाचे लोखंडी कडे लोहार तयार करी, गोवऱ्यांच्या जाळात ते लालबुंद करी, तापून फुगलेले कडे सांडशींनी उचलून चाकावर बसवी आणि त्यावर घागरींनी पाणी ओतताच ते आकसून घेराचे लाकडी तुकडे, आरे व तुंबा यांना असे आवळून धरी की खिळ्यांची फारशी गरजच उरू नये. उष्णतेने प्रसरण आणि थंडाव्याने आकुंचन हा पदार्थविज्ञानाचा धडा शाळेत न गेलेल्या त्या कारागिराच्या हातात पूर्णपणे मुरलेला होता. धावेने लाकडी चाकाचे आयुष्य वाढले खरे, परंतु त्याची किंमत रस्त्याने मोजली. ओझ्याने लादलेल्या गाड्यांच्या अरुंद लोखंडी कडांनी मुरुमाच्या व खडीच्या रस्त्यांवर खोल चाकोऱ्या पाडल्या, आणि पावसाळ्यानंतर त्या बुजविणे हे बांधकाम खात्याचे दरसालचे काम होऊन बसले. चाकाला मिळालेली सवलत कोणास तरी भरून द्यावी लागते, हे सूत्र येथे प्रथम दिसते आणि पुढे टायराच्या साऱ्या इतिहासात ते पाठ सोडीत नाही.

रबराच्या टायराची युरोप-अमेरिकेतील हकीकत पुष्कळांस परिचित आहे, म्हणून ती थोडक्यात सांगतो. कच्चे रबर उन्हात चिकट व थंडीत ठिसूळ होते. गंधकासह तापविल्यास त्याचा हा दोष जातो, हे चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये गवसले. रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश गृहस्थाने १८४५ मध्ये हवेने भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले, परंतु त्या काळी ना तसे रस्ते होते ना तशी वाहने, आणि कल्पना विस्मृतीत गेली. पुढे १८८८ मध्ये बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने, आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीचे हादरे कमी व्हावेत एवढ्याच हेतूने केलेल्या खटाटोपातून, तीच कल्पना नव्याने मांडली. त्याचे पेटंट थॉमसनच्या जुन्या पेटंटामुळे टिकले नाही, पण सायकलीचे युग येऊन ठेपले असल्याने धंदा टिकला. मिशलँ बंधूंनी १८९१ मध्ये सायकलीकरिता काढता-घालता येणारा टायर केला आणि १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत हवेचे टायर मोटारीला लावून दाखविले. मूळचे फिकट टायर पुढे काजळी मिसळल्याने काळे झाले व कित्येक पटींनी अधिक टिकू लागले. मोटारीच्या प्रसाराबरोबर रबराची भूक अशी वाढली की, १८७६ मध्ये हेन्री विकहॅमने ब्राझीलमधून लंडनच्या क्यू उद्यानात नेलेल्या बियांची संतती सिंहलद्वीप, मलाया आणि आपले केरळ येथे लक्षावधी एकरांवर पसरली. आणि १९४२ मध्ये जपानने मलाया व सिंगापूर जिंकताच अमेरिकेसारख्या राष्ट्रास कृत्रिम रबराचे कारखाने युद्धपातळीवर उभारावे लागले. रबराचा प्रश्न राज्यांच्या भवितव्याशी किती जखडलेला आहे, याचा हा एकच दाखला पुरेसा आहे.

हिंदुस्थानात डनलॉपने १९३६ मध्ये हुगळीकाठी साहागंज येथे कारखाना काढला. मुंबईत शिवडीला फायरस्टोनचा कारखाना उभा राहिला, आणि मीरा-भाईंदरच्या आग्नेयेस राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरापलीकडे भांडुपला, इटलीतील तोरिनोच्या मूळ कंपनीशी संबंध असलेल्या सिएट कंपनीने १९५८ नंतर आपले बस्तान बसविले. शिवडी-भांडुपच्या या कारखान्यांवर मुंबईच्या मराठी कामगारांच्या पिढ्या जगल्या. नाशिक, वाळूज, बुटीबोरी, चाकण आणि गोव्यातील उसगाव ही नावे पुढे त्यांत मिळाली. फायरस्टोनचा वारसा चालविणाऱ्या बॉम्बे टायर इंटरनॅशनल या कंपनीच्या नावाला तर कायद्याच्या पुस्तकातही कायमचे स्थान आहे: मालाचे अबकारी मूल्य ठरविताना कारखान्याच्या दाराबाहेर विक्रीपर्यंत होणारा खर्च कितपत धरावा, या वादाचा सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये जो फैसला दिला, तो याच कंपनीच्या नावाने ओळखला जातो व पुढे कित्येक वर्षे अबकारी दाव्यांत पुढे केला जात असे. आणखी एक संस्था आमच्या वाचकांनी जाणून घ्यावी. घोडबंदर रस्ता ज्या ठाण्यात जाऊन संपतो तेथे, वागळे इस्टेटमध्ये, भारतीय रबर उत्पादकांची संशोधन संस्था गेली सहा दशकांहून अधिक काळ रबराच्या परीक्षेचे काम करीत आहे. एकाच रस्त्याच्या एका टोकास रबराची प्रयोगशाळा आणि दुसऱ्या टोकास टायरांची झीज प्रत्यक्ष पाहणारे कारागीर, आणि या दोहोंत देवाणघेवाण मात्र फारशी नाही, ही खेदाची बाब होय.

महाराष्ट्रातील टायराची जी कथा मला सर्वांत अर्थपूर्ण वाटते ती मोटारीची नव्हे, उसाच्या बैलगाडीची आहे. लोखंडी धावेच्या जागी जुने मोटारीचे किंवा खास बैलगाडीसाठी केलेले रबरी टायर आणि छर्‍यांचा आस बसविलेली गाडी साखर कारखान्यांच्या मुलखात आली, आणि तिला कोणी डनलॉपची गाडी, कोणी टायरगाडी म्हणू लागले. ओढण्यास ती निःसंशय हलकी. त्याच बैलजोडीला मऊ शेतवाटेवरून पूर्वीपेक्षा अधिक ऊस नेता येऊ लागला. परंतु लाकडी गाडी तोडणीकामगाराच्या मालकीची असे, आणि टायरगाडी बहुधा कारखान्याची व भाड्याची. बीडकडून आणि नगरच्या दुष्काळी पट्ट्यातून मुकादमाकडून उचल घेऊन निघणाऱ्या ऊसतोड कामगारांची आजही गाडी सेंटर, टायर सेंटर आणि डोक्यावर मोळ्या वाहणाऱ्यांचे डोकी सेंटर अशी जी वर्गवारी होते, तिच्यात चाकाच्या प्रकाराने माणसाची मजुरी आणि कर्जाची पायरी ठरते. आणि बैलाचे काय? चाक हलके झाले म्हणून त्याचे श्रम कमी होतील अशी आशा कोणी केली असेल तर ती फळास आली नाही. चाकाने जेवढी सूट दिली तेवढा किंवा त्याहून अधिक ऊस गाडीत चढला. कारखान्याच्या वजनकाट्यासमोर रांगेत उभ्या असलेल्या त्या जनावरांकडे पाहून टायराच्या प्रगतीचा इतिहास लिहिणाऱ्याने दोन क्षण थांबले पाहिजे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

मालमोटारीच्या बाबतीत हेच घडले. टायरांचे प्रकार सांगताना पुस्तके भराभर नावे देतात. पण महामार्गावरच्या माणसाला मुळात दोनच जाती ठाऊक असतात, नायलॉन आणि रेडियल. नायलॉन म्हणजे ज्यात धाग्यांचे थर तिरके, एकमेकांना छेदत जातात तो जुना टायर. त्याच्या बाजू जाड व चिवट असतात, दगडाचा मार आणि बेसुमार ओझे तो सोसतो, पण चालताना त्याचे थर एकमेकांवर घासून उष्णता पुष्कळ निर्माण होते. रेडियलमध्ये, जो मिशलँने १९४६ मध्ये पेटंट करून १९४९ पासून बाजारात आणला, धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ त्रिज्येच्या दिशेने जातात आणि रस्त्यालगतच्या भागाखाली पोलादी तारांचे पट्टे असतात; त्यामुळे बाजू लवचिक राहून पावलाचा भाग सपाट व स्थिर टेकतो, इंधन वाचते, आयुष्य वाढते. युरोपात रेडियल रूढ झाल्यावरही आपल्या मालमोटारींवर नायलॉनचे राज्य कित्येक दशके चालले. पहिला रेडियल भारतात १९७७ मध्ये जेके कंपनीने राजस्थानातील कांकरोली येथे काढला, पण ट्रकमालक त्याकडे वळण्यास फार काळ गेला. हे मालकांचे अज्ञान होते असे मी मानीत नाही. खड्डे, दुप्पट भार आणि पुन्हा पुन्हा रिमोल्ड करण्याची गरज यांचा हिशेब करणाऱ्या इसमाला नायलॉनच परवडत असे. रस्ते सुधारले, वजनकाटे बसले, तसा रेडियल आला. पुढल्या आसाला सरळ खाचांचा रिब, मागल्या ओढणाऱ्या आसाला आडव्या जाड ठोकळ्यांचा लग, ही विभागणीही अनुभवातून ठरलेली आहे. मात्र जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने चार टायरांच्या एका आसावरील अनुज्ञेय भार १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेला, तेव्हा चांगल्या टायराने मिळविलेली सवलत ओझ्याने वसूल केल्याचा तोच इतिहास पुन्हा लिहिला गेला. आसाचा भार वाढला की रस्त्याची हानी त्या प्रमाणात न वाढता सुमारे चौथ्या घाताने वाढते, असे अमेरिकेतील १९५८ ते १९६० च्या रस्ता-चाचण्यांनी दाखविले आहे. वरसाव्याच्या जुन्या पुलावर अवजड वाहनांना वारंवार बंदी करावी लागली, आणि त्या काळात घोडबंदरपासून लागलेल्या रांगा ज्यांनी पाहिल्या त्यांस या घाताचे गणित शिकवावे लागणार नाही.

रिमोल्डविषयी लोकांत विनाकारण तिरस्कार आहे, म्हणून त्याचा कैवार घेतो. झिजलेला थर खरवडून त्या सांगाड्यावर, ज्यास धंद्यात केसिंग म्हणतात, नवा थर तापवून बसविणे ही काटकसरीची आणि शास्त्रशुद्ध रीत आहे. तिची अट एकच: केसिंग निरोगी असले पाहिजे. कायद्याने मोटारी व ट्रक यांच्या टायराची खाच १.६ मिलिमीटरहून कमी होऊ देता येत नाही; परंतु तारा दिसेपर्यंत टायर पळविणारा मालक आपले केसिंगही गमावतो आणि परक्याचा जीवही धोक्यात घालतो. पावसाळ्यात त्या खाचा पाणी बाजूला सारतात. खाच गेली की वेगात टायर पाण्याच्या थरावर तरंगू लागतो आणि सुकाणू हातात असूनही गाडी हातात राहत नाही. उन्हाळ्यात संकट निराळे. हवा कमी, ओझे जास्त आणि वेग अखंड, असा योग जुळला की बाजूचे रबर प्रत्येक फेऱ्याला दुमडून तापत जाते व शेवटी फुटते. नागपूर ते मुंबई या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाल्यावर टायर फुटून जे भीषण अपघात झाले, त्यानंतर परिवहन खात्याने प्रवेशद्वारावरच टायर तपासून गोटा झालेल्या टायरांच्या गाड्या परत पाठविण्याची तजवीज केली. टायराच्या बाजूवर कोरलेल्या चार आकड्यांत तो कोणत्या वर्षाच्या कोणत्या आठवड्यात तयार झाला हे लिहिलेले असते. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सोन्याचा कस विचारणारे गृहस्थ टायर घेताना हे चार आकडे वाचीत नाहीत.

ज्यांच्या हातांवर हा सारा व्यवहार चालतो त्या पंक्चरवाल्यांविषयी लिहिल्याशिवाय पुढे जाणे मला अन्यायाचे वाटते. केरळातून, उत्तर प्रदेश-बिहारातून, आणि थोडे आपल्याच कोकण-मराठवाड्यातून आलेली ही माणसे रात्रंदिवस महामार्गाच्या धुळीत बसलेली असतात. टॉमीने टायरावर ठोका मारून आतील हवा पुरेशी आहे की नाही हे ती आवाजावरून सांगतात. मागल्या जोडचाकांपैकी आतले बसले की बाहेरच्यावर दुहेरी भार पडून ते जाते, हे ती चालकाला समजावतात. ट्यूबच्या ट्रकटायरात हवा भरताना रिमची लोखंडी रिंग नीट बसली नसेल तर ती तोफेच्या जोराने उडते. या कामात माणसे मेलेली आहेत, आणि हवा भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवण्याची साधी खबरदारी रस्त्याकडेला क्वचितच दिसते. असा पिंजरा फार खर्चाचा नाही. महामार्गाकडेच्या दुकानांना परवाने देणाऱ्या कचेऱ्यांनी तो सक्तीचा करावा, ही माझी आग्रहाची मागणी आहे.

भविष्याकडे वळतो. हवेवाचून चालणाऱ्या जाळीदार टायराचे नमुने निघाले आहेत. मिशलँने जनरल मोटर्ससह २०१९ मध्ये एक दाखविला. रानटी वनस्पतींपासून रबर काढण्याचे प्रयत्न चालू आहेत. परंतु नजीकच्या काळातील खरा बदल विजेच्या वाहनांचा आहे. आमच्या महापालिकेच्या परिवहन सेवेतही विजेच्या बसगाड्या धावू लागल्या आहेत. धूर थांबला, हे मोठेच सुख. परंतु बॅटरीमुळे गाडी जड होते व मोटर जोर एकदम देते, तेव्हा टायर अधिक झपाट्याने झिजतो. झिजलेले रबर कोठे जाते? बारीक कण होऊन हवेत, नाल्यात, आणि इथल्या बाबतीत खाडीत. टायर हवेतील ओझोनने तडकू नये म्हणून घालण्यात येणाऱ्या एका रसायनापासून त्याच ओझोनच्या संपर्काने जे द्रव्य बनते, ते अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील कोहो जातीच्या सामन माशांना मारते, असे २०२० च्या अखेरीस सिद्ध झाले. युरोपने २०२४ मध्ये टायरांच्या झिजेवरच मर्यादा घालण्याचा कायदा केला. वसईच्या खाडीत महामार्गाचे पावसाळी पाणी उतरते आणि तिच्या तोंडाशी उत्तनच्या कोळ्यांची जाळी आहेत. इथल्या पाण्याची तशी परीक्षा व्हावी, आणि ती ठाण्याच्या रबर संस्थेच्या साहाय्याने सहज होण्यासारखी आहे.

टायराचा शेवट हा तर अद्याप न लिहिलेला अध्याय आहे. टाकलेल्या टायरात साचलेले वाटीभर पाणी डेंग्यूच्या डासाला पुरते. त्याची अंडी कोरड्या टायराला महिनोन्‌महिने चिकटून राहतात व पहिल्या पावसाने उबतात. जुन्या टायरांच्या व्यापारातूनच आशियाई वाघ-डास १९८० च्या दशकात अमेरिकेत शिरला, हे जगजाहीर आहे. आपल्याकडे रास्ता रोकोत टायर पेटविण्याची जी चाल पडली आहे तिचा काळा धूर प्रथम आंदोलकांच्याच छातीत जातो, आणि ती सोडली तर कोणत्याही मागणीचे बळ कमी होणार नाही. काही टायर उत्तनच्या होड्यांच्या कडेला टांगले जाऊन धक्क्याचे आघात झेलतात, काहींच्या चपला होतात. पण मोठा भाग पालघर जिल्ह्यात वाड्याकडच्या भट्ट्यांसारख्या ठिकाणी तेल काढण्यासाठी जळतो, आणि तेथील गावकऱ्यांच्या दुर्गंधीच्या व काजळीच्या तक्रारी जुन्या आहेत. केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये उत्पादकांवर टाकाऊ टायरांची जबाबदारी टाकणारे नियम केले. पहिल्या वर्षी ३५ टक्के, दुसऱ्या वर्षी ७० आणि २०२४-२५ पासून पूर्ण १०० टक्के. या नियमांच्या वहीत उत्पादक आहे, पुनर्चक्रण करणारा आहे, रिमोल्डवाला आहे. परंतु टायर चाकावरून प्रथम उतरतो तो ज्याच्या हाती, त्या काशिमिऱ्याच्या पंक्चरवाल्याला त्या वहीत जागा नाही. तो टायर कोणास विकतो, भंगारवाल्याला की भट्टीच्या दलालाला, याची नोंद कोणी ठेवीत नाही. महापालिकेने महामार्गालगत छपराचे एखादे कोठार बांधावे, तेथे जुना टायर आणून देणाऱ्यास दर टायरामागे ठरीव रक्कम उत्पादकांच्या जबाबदारीच्या खात्यातून रोख मिळावी, निरोगी केसिंग रिमोल्डसाठी वेगळे काढावे आणि उरलेले नोंदणीकृत कारखान्यासच जावे. आणि हे कोठार पहिल्या पावसाआधी, मे महिन्यातच चालू व्हावे.